दाराची कडी आणि एरिक्सनच्या आठ पायऱ्या

तिसरी_घंटा (रविवार, रात्री ११:१०)

गेल्या महिन्यात आमच्याकडे एका कडीवरून तीन दिवस अबोला होता. चिरंजीव सोळा पूर्ण, अकरावी सायन्स. क्लासवरून येताना हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेऊन आला, शेजारच्या काकांकडून ड्रिल मागून आणलं आणि आम्ही दोघं ऑफिसातून घरी पोचायच्या आत खोलीच्या दाराला आतून कडी बसवून मोकळाही झाला. वाकडी बसली होती, पण बसली होती. नवरा म्हणाला, "या घरात लपवण्यासारखं काय आहे?" मुलगा म्हणाला, "काहीच नाही. म्हणून तर." यावर काय बोलायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना. शेवटी नवऱ्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कडी काढली.

परवा माळा आवरताना माझी डी.एड.ची वही सापडली. पुढे मी शिक्षिका झाले नाही, बँकेत लागले, ती गोष्ट वेगळी. बालमानसशास्त्राच्या पेपरला एरिक्सनचा तक्ता हमखास यायचा. आठ ओळी, दोन रकाने, मध्ये 'विरुद्ध'. तेव्हा मार्कांसाठी घोकला होता. आता वाचला तर कुणीतरी आमच्याच घराची हजेरी घेतंय असं वाटलं.

ज्यांनी हा तक्ता घोकलेला नाही त्यांच्यासाठी: एरिक एरिक्सन, मानसशास्त्रज्ञ, जन्म १९०२, फ्रँकफर्ट. व्हिएन्नात ॲना फ्रॉइडच्या हाताखाली शिकला, १९३३ साली अमेरिकेला गेला आणि १९५० च्या पुस्तकात त्याने ही मांडणी केली. तिच्या वडिलांच्या, सिग्मंड फ्रॉइडच्या, हिशेबात माणूस घडण्याचं मुख्य काम शाळेत जायच्या आधीच उरकलेलं असतं. एरिक्सन म्हणाला, माणूस मरेपर्यंत घडतो, आणि एकट्याच्या डोक्यात घडत नाही, भोवतालच्या माणसांशी झटापट करत घडतो. प्रत्येक वयाला एक पेच.

पहिल्या वर्षातला पेच: मी रडलो तर कुणी येतं का? (विश्वास विरुद्ध अविश्वास.) मग तीन वर्षांपर्यंत 'माझं मी कलनार'. बूट उलटे, बटणं चुकलेली, पण हात लावायचा नाही. (स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका.) तीन ते सहा पुढाकार, म्हणजे कणकेच्या डब्यात पाणी ओतून 'मी आईला मदत केली'. त्यावर रागावलं की उरतो अपराधभाव. शाळेच्या वयात काहीतरी जमवून दाखवण्याची धडपड, नाही जमलं तर न्यूनगंड. बारा ते अठरा स्वओळख: मी कोण? पुढे तरुणपणी जवळीक विरुद्ध एकटेपणा. साधारण चाळीस ते पासष्टचा जो पेच आहे त्याला माझ्या वहीत 'जनकता' असा भयंकर शब्द आहे. मी त्याला 'पोसणं' म्हणेन: मुलं, विद्यार्थी, संस्था, झाडं, काहीही. ते नाही झालं की माणूस साचतो. आणि शेवटी म्हातारपणी मागे वळून बघताना 'झालं ते माझंच होतं' असं म्हणता येतं का, की नुसती हळहळ उरते.

माझी शंका अशी. तक्त्यात पायऱ्या एकाखाली एक आहेत. घरात त्या सगळ्या एकाच वेळी चालू असतात. मुलगा पाचवीवर, मी आणि नवरा सातवीवर, सासूबाई (वय ७८) आठवीवर, आणि बाथरूम दोनच. त्याचा पेच सुटावा म्हणून आम्ही आमचा सैल सोडायचा असतो का? तुमच्याकडे कोण कुठे आहे?

शेंगदाणा_कूट (रविवार, रात्री ११:३२)

वाचतेय. आमच्याकडे सव्वादोन वर्षांची 'माझं मी' आहे. आज वरणभात स्वतः जेवली. भिंतीलाही भरवला.

टिकोजीराव (सोमवार, सकाळी ७:५०)

लेख छान, पण एक खडा टाकतो. हा तक्ता विज्ञान आहे की भविष्य? अठरा ते चाळीस 'जवळीक', चाळीसला घंटा वाजली की 'पोसणं'. माझे एक काका पन्नाशीला प्रेमात पडले, त्यांना कुठल्या ओळीत बसवू? मुलांची बुद्धी कशी वाढते ते सांगणाऱ्या पियाजेचं म्हणणं घरी करून तरी बघता येतं. चार वर्षांच्या पोरासमोर बुटक्या पेल्यातलं सरबत उंच पेल्यात ओता, ते म्हणणारच की आता जास्त झालं. एरिक्सनचं करून बघायचं काय?

शेंगदाणा_कूट (सोमवार, सकाळी ८:१५)

@टिकोजीराव, पेल्याची काय गरज? एका पोळीचे चार तुकडे करून वाढा. "एवढ्या पोळ्या!" म्हणून खूश. थोरल्याची तीन वर्षं मी याच भांडवलावर काढली. सात वर्षांचा झाला आणि एक दिवस म्हणाला, "आई, ही एकच आहे." धंदा बसला.

बिनपाटीची_शाळा (सोमवार, दुपारी १:०५)

कनिष्ठ महाविद्यालयात समुपदेशक आहे, त्यामुळे सोळा-सतराची मुलं रोज समोर असतात.

टिकोजीराव, आक्षेप अर्धा मान्य. वयाच्या रेघा एरिक्सनच्या पुस्तकापेक्षा आपल्या गाइडांनी जास्त ठळक मारल्या. दुसरी गडबड त्या 'विरुद्ध'ने केली. परीक्षेत डावा रकाना म्हणजे पास आणि उजवा म्हणजे नापास. त्याने स्वतः बजावलं होतं की दोन्ही बाजू लागतात, प्रश्न प्रमाणाचा आहे. ज्या मुलाला कुणाचाच अविश्वास वाटत नाही ते कुणाच्याही गाडीत बसेल. आणि कुठलाही पेच एकदाच सुटून मिटत नाही, पुढच्या वळणावर तो पुन्हा येतो. तुमच्या काकांनी काही नियम मोडलेला नाही.

करून बघायचं म्हणत असाल तर स्वओळखीच्या पायरीवर जेम्स मार्सियाने १९६६ साली ते केलं. तरुणांच्या मुलाखतींत त्याने दोनच गोष्टी तपासल्या: तू पर्याय धुंडाळलेस का, आणि आता कशाला बांधून घेतलं आहेस का. त्यातून चार खण निघाले. शोधून ठरवलेले. अजून शोधतच असलेले. शोधतही नाहीत आणि ठरवतही नाहीत असे. आणि चौथे, न शोधताच ठरलेले.

हे चौथे माझ्याकडे रांगेने येतात. "सायन्स का घेतलंस?" "ताईने घेतलं होतं." "इंजिनिअरिंगच का?" "मग काय करणार?" ही मुलं दिसायला सगळ्यांत गुणी. उद्धटपणा नाही, कड्या बसवत नाहीत, आईबाप निवांत. तिसाव्या वर्षी चांगल्या पगाराच्या नोकरीतून फोन करतात, "मॅडम, मला काय आवडतं तेच कळत नाही." तिसरी_घंटा, तुमच्या मुलाने वाकडी का होईना स्वतः कडी बसवली, मला तर बरं वाटलं.

पुणेरी_पाणपोई (सोमवार, दुपारी २:२०)

आपल्याकडे हे सगळं आधीच सांगून ठेवलंय. लालयेत् पञ्च वर्षाणि, दश वर्षाणि ताडयेत्, प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत्. म्हणजे पाच वर्षं लाड, पुढची दहा मार, सोळावं लागलं की मित्र. शिवाय चार आश्रम. परदेशी माणसाने १९५० साली शोध लावायची गरज नव्हती.

वाकडी_वाट (सोमवार, दुपारी २:३१)

यातला मधला चरण आमच्या तीर्थरूपांनी निष्ठेने पाळला. शेवटचा अजून बाकी आहे. मी एक्कावन्नचा आहे.

बिनपाटीची_शाळा (सोमवार, दुपारी ३:४०)

@पाणपोई, आश्रमांशी ताडून बघण्याचं काम मनोविश्लेषक सुधीर कक्करांनी केलंय. अहमदाबादेत त्यांची एरिक्सनशी गाठ पडली, पुढे हार्वर्डमध्ये ते त्याचे सहायक होते. १९७८ च्या त्यांच्या पुस्तकात ही तुलना आहे. (शेवटची बरीच वर्षं गोव्यात राहत होते, २०२४ साली गेले.) पण दोन फरक नजरेआड करू नका. ब्रह्मचर्य सुरू होतं मुंजीपासून. मनुस्मृतीच्या हिशेबाने ब्राह्मणाचा मुलगा आठव्या वर्षी, क्षत्रियाचा अकराव्या, वैश्याचा बाराव्या. त्याआधीच्या वर्षांना आश्रमच नाही, आणि एरिक्सनच्या आठांतल्या तीन पायऱ्या पूर्ण आणि चौथीचा तुकडा त्यातच येतो. दुसरा फरक, मुली आणि शूद्र या जिन्यावर कुठे आहेत?

कक्करांचं एक निरीक्षण मात्र मला घरोघरी दिसतं. आपल्याकडचा मुलगा पाचेक वर्षांचा होईपर्यंत आईच्या पदराखाली असतो, कुणी 'नाही' म्हणत नाही. मग एकाएकी त्याला पुरुषांच्या जगात ढकलतात: शिस्त, अभ्यास, 'आता मोठा झालास'. ते याला दुसरा जन्म म्हणतात. तुमच्या श्लोकातली पाच आणि दहाची सीमा नेमकी तीच. श्लोक तो उपदेश म्हणून सांगतो, कक्कर त्याची किंमत सांगतात.

डहाणू_लोकल (सोमवार, रात्री ९:१८)

नमस्कार. मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. पुस्तकातलं मला ट्रेनिंगपुरतं माहीत, बघितलेलं सांगते.

दुसरी पायरी, लाज. पाड्यावरचं पोर दोन वर्षांचं होईपर्यंत कमरेखाली उघडंच फिरतं. मोठ्या भावंडांच्या मागे मागे जातं, बघून शिकतं. कुणी चार्ट लावत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. आमच्याच तालुक्याच्या गावात बिल्डिंगमध्ये गेलं की दीड वर्षाच्या लेकराने चड्डी ओली केली तर घरभर "शेम शेम". पहिला इंग्रजी शब्द त्याला हाच शिकवतात. वर ते रडलं की हसतात.

चौथी पायरी मात्र आमच्याकडे उलटी आहे. नऊ वर्षांचं पोर रानात गुरं नेतं. कुठली शेळी आजारी, कुठल्या ओढ्याला पाणी, कुठलं कंद खायचं, कुठलं नाही, सगळं माहीत. आईबापाचा अर्धा भार उचलतं. तेच पोर वर्गात येऊन बसलं की ढ. काल जे सगळं जमत होतं त्याला आज शून्य मार्क. न्यूनगंड त्याच्या आत नव्हता, वर्गाच्या दारात त्याच्या हातात दिला.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे कळलं होतं. १९४५ साली बोर्डीला काम सुरू झालं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर आलं. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बाई स्वतः पाड्यावर गेल्या आणि अंगणात बालवाडी भरवली. अंगणवाडी नाव तिथलं. गुरांमागची पोरं शाळेत येत नाहीत म्हणून कुरणातच शाळा, कुरणशाळा. सरकारची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला आली, त्याच्या कितीतरी आधीचं हे.

आता नव्या शैक्षणिक धोरणात पहिलीला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत असं आहे, तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. वाचायला छान वाटतं. पण आयाच मला विचारतात, "ताई, शेजारचा इंग्लिश मीडियमवाला ए बी सी डी लिहितो, आमचा नुसता खेळतो." खेळतो म्हणजे तिसरी पायरी चढतो, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या रजिस्टरमध्ये वजन, उंची आणि पोषण आहार. खेळाचा रकाना छोटा.

शेंगदाणा_कूट (सोमवार, रात्री ९:४४)

ताई, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. 'शेम शेम' आमच्याकडेही चालतं. उद्यापासून बंद.

हडसनकाठ (मंगळवार, सकाळी ६:०२)

न्यू जर्सीतून लिहितेय. मुलगी चौदाची. शाळेत ती 'इंडियन'. मराठी मंडळाच्या गणपतीत आज्या म्हणतात, "अगदीच अमेरिकन झालीये हो." मागच्या आठवड्यात म्हणाली, "आई, मी फक्त गाडीत मी असते." म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना.

स्वओळखीवर एवढं लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं काय होतं ते मुद्दाम सांगते. आई डॅनिश ज्यू, जन्मदात्या बापाचा शेवटपर्यंत पत्ता नाही. आईने दुसरं लग्न केलं ते हॉम्बुर्गर नावाच्या ज्यू बालरोगतज्ज्ञाशी, आणि पोराला बरीच वर्षं तेच आपले वडील असं सांगितलं. हा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. सिनेगॉगमधली मुलं परका म्हणून चिडवायची, शाळेतली ज्यू म्हणून. १९३९ साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्याने आडनाव बदलून एरिक्सन केलं. एरिकचा मुलगा एरिक्सन. स्वतःच स्वतःचा बाप! मला तर हे कळल्यावर आख्खा तक्ता जास्त पटला.

ओटा_आणि_लॅपटॉप (मंगळवार, सकाळी १०:२५)

@हडसनकाठ, नावावरून आठवलं. त्याने वयाच्या सदतिसाव्या वर्षी स्वतःचं नाव स्वतः निवडलं. माझ्या आईचं नाव एकोणिसाव्या वर्षी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं गेलं आणि तिने ते सगळ्यांबरोबर पहिल्यांदा वाचलं. तिला विचारलं, "तेव्हा काय वाटलं?" तर म्हणाली, "अक्षर चांगलं होतं त्यांचं." तिचं माहेरचं नाव आता फक्त मोठे मामा घेतात. त्यांचा फोन आला की ती खुर्चीतच जरा वेगळी बसते.

आधी 'मी कोण' ठरवा, मग 'मी कुणाबरोबर' ठरवा हा क्रम मुलग्यांचा आहे. आमच्या आयांनी पाचवी पायरी वगळून थेट सहावी गाठली, तीही दुसऱ्याने ठरवलेली. पाचवी गाठली ती मुलं मोठी झाल्यावर, पंचेचाळिशीत, भिशीत नाहीतर भजनी मंडळात. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगनने १९८२ मध्ये हेच धरलं होतं. कोलबर्गने नैतिक विकासाच्या पायऱ्या मांडल्या तेव्हा मूळ अभ्यासात फक्त मुलगे होते. मग त्याच फूटपट्टीने मुली मोजल्या तर त्या कमी भरणार, त्यात नवल ते काय. एरिक्सनलाही तिने सोडलेलं नाही.

टिकोजीराव (मंगळवार, सकाळी ११:००)

आता कसं बोललात. आणि एरिक्सनच्या पोसण्याबद्दल बोलायचं तर त्याचंच घर बघा. १९४४ साली त्याला डाउन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. बाळाला संस्थेत ठेवलं आणि घरातल्या धाकट्या भावंडांना सांगितलं, बाळ गेलं. सहा वर्षांनी यांचं विश्वास-अविश्वासाचं पुस्तक!

बिनपाटीची_शाळा (मंगळवार, सकाळी ११:४५)

खरं आहे ते, आणि मीही त्यावर पांघरूण घालणार नाही. त्या काळात डॉक्टर सर्रास हाच सल्ला देत, एवढंच सांगते. मला खोटं बोलण्याचा भाग जास्त खुपतो. पण या जखमेशेजारी त्याचं गांधींवरचं पुस्तक ठेवून बघा. त्याच्या मधोमध त्याने गांधींना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिलंय, त्यांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी. जगाला अहिंसा शिकवलीत, पण घरातल्या माणसांशी कसे वागलात, असा जाब आहे त्यात. तो जाब विचारताना लेखकाला स्वतःचं घर आठवलं नसेल असं मला वाटत नाही.

भोंगा_वाजला (मंगळवार, रात्री १०:०७)

इथे सहसा वाचनमात्र असतो. गांधींवरच्या त्या पुस्तकाचा विषय निघाला म्हणून लिहितो. ते पुस्तक आहे १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपावर. मजुरांनी ३५ टक्के वाढ मागितली होती. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, मजुरांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन, आणि मध्ये गांधी, वय ४८. एरिक्सनने हा संप निवडला, कारण त्याला तरुण गांधी नको होते, हजारो माणसांची जबाबदारी अंगावर घेणारा चाळिशी-पन्नाशीतला माणूस कसा घडतो ते बघायचं होतं. १९७० चं पुलित्झर मिळालं त्याला.

मी ते वाचलं, कारण माझ्या घरातही एक संप आहे. १८ जानेवारी १९८२. मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार. माझे वडील लालबागला विणाई खात्यात होते, वय ४१. मी चौदाचा, नववीत.

एरिक्सनच्या भाषेत सांगायचं तर वडील सातव्या पायरीवर, मी पाचव्या. वडिलांचं पोसणं एका दिवसात थांबलं. पहिले सहा महिने ते रुबाबात होते, सभेला जायचे, "डॉक्टर बघून घेतील" म्हणायचे, म्हणजे संपाचे नेते दत्ता सामंत. मग गावाकडून तांदूळ यायला लागला. मग आईने खानावळ काढली, दहा डबे. वडील डबे पोचवायला जात नसत, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. ते मी पोचवायचो. भोंगा बंद झाला तरी ते पहाटे त्याच वेळेला उठून, तोंड धुऊन, गॅलरीत उभे राहायचे. काय बघायचे माहीत नाही.

वर मॅडमनी चार खण सांगितले, त्यातल्या चौथ्यात मी बसतो का? न शोधताच ठरलेला? दहावीनंतर मी एका प्रेसमध्ये कंपोझिंगला लागलो, आजही छपाईच्याच धंद्यात आहे. मला कुणी ढकललं नाही. कुणी विचारलंही नाही. 'मी कोण' हा प्रश्न पडायला घरात दुसरं कुणीतरी कमावतं लागतं, असं माझं मत झालंय. एरिक्सन स्वतः म्हणतो की समाजाने तरुणाला थोडी उसंत द्यायला हवी, काही न ठरवता फिरायची मोकळीक. आम्हाला ती उसंत मिळाली नाही. माझ्या मुलीला मी दिली: बारावीनंतर एक वर्ष काहीच केलं नाही तिने. नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं. मी म्हटलं, हे वर्ष माझं आहे, तिच्या नावावर टाकलंय.

वाकडी_वाट (मंगळवार, रात्री १०:२०)

_/\_

पुणेरी_पाणपोई (मंगळवार, रात्री १०:५८)

भोंगा, शेवटचं वाक्य वाचून गप्प झालो. माझा श्लोक मागे घेतो, निदान मधला चरण.

आजोबा_८१ (बुधवार, पहाटे ५:१५)

बोटे चालत नाहीत म्हणून फोनमध्ये बोलून लिहीत आहे चुका पोटात घाला पूर्णविराम अरे हे पूर्णविराम लिहू नकोस

नातू म्हणाला आता नीट झाले. तर. मी निवृत्त मुख्याध्यापक. एरिक्सन आमच्या बी.एड.लाही होता. आठवी पायरी शिकवताना मी वर्गात सांगत असे, वृद्ध मनुष्य शांतपणे आरामखुर्चीत बसून आयुष्याकडे पाहतो. आता आरामखुर्ची आहे, शांतपणा नाही. पाहायला वेळच मिळत नाही. सकाळचा अर्धा वेळ शर्टाच्या बटणांत जातो.

एरिक्सन १९९४ साली गेला. पुढे १९९७ मध्ये त्याची पत्नी जोन हिने, तेव्हा नव्वदी ओलांडलेली, त्याच्या नंतरच्या एका पुस्तकाला नववी पायरी जोडली, हे तुमच्या तक्त्यात नसेल. ती म्हणते की आम्ही आठवी लिहिली तेव्हा आम्हाला म्हातारपण ठाऊक नव्हते. ऐंशीनंतर सगळे जुने पेच परत येतात, आणि या वेळी उजवा रकाना आधी येतो. अविश्वास आधी. स्वतःच्या पायांवर अविश्वास. मग लाज. वेळेत पोचू का याची.

आमच्याकडे पणतू दीड वर्षाचा आहे. नातसून दिवसभर आम्हा दोघांना एकच वाक्य बोलते, "थांबा, पडाल, मी येते." त्याला 'थांब', मला 'थांबा', इतकाच फरक. तो हात झटकतो. मला झटकता येत नाही, ती चांगली मुलगी आहे. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडलो, तेव्हापासून मला आतून कडी लावायची मनाई आहे. दार नुसते लोटून घ्यायचे. त्यांचे बरोबर आहे. पण मी एक्क्याऐंशी वर्षांचा मनुष्य, आत बसून खोकत राहतो, कुणी येऊ नये म्हणून.

तुमच्या मुलाची कडी वाचली आणि बोलावेसे वाटले. बाकी धागा उत्तम. ताराबाईंना मी एकदा लांबून पाहिले आहे.

हडसनकाठ (बुधवार, सकाळी ६:४०)

आजोबा, इकडे संध्याकाळ आहे. डोळ्यांत पाणी आलं. खोकणं वाचून.

तिसरी_घंटा (बुधवार, रात्री ११:५०)

सगळ्यांना एकत्र उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. डहाणू_लोकल ताई, भोंगा, तुमच्या प्रतिसादांवर वेगळं लिहीन, आज जमणार नाही.

आजोबा, तुमचा प्रतिसाद मी ऑफिसला जाताना लोकलमध्ये वाचला आणि एक स्टेशन पुढे गेले. सासूबाईंनाही आम्ही तेच सांगितलंय. दोन वर्षं झाली, त्यांचं बीपी एकदम उतरलं होतं तेव्हापासून. त्या आत गेल्या की गाणं म्हणतात. मोठ्याने, भसाड्या आवाजात, एकच अभंग. आम्हाला वाटायचं मूड छान आहे. मुलगा तर चेष्टाही करायचा, "आजीची मैफल."

आज जेवताना मी हे बोलले. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, ताक ओतून घेतलं. मुलगा ताटावरून उठला, मला वाटलं चिडला. आत जाऊन आजीच्या बाथरूमचं दार उघड-बंद करून बघत बसला. मग येऊन बापाला म्हणाला, "बाबा, आतून लागते पण बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येते अशी कडी मिळते. हॉटेलात असते तशी. तुम्ही माझी काढलीत तेव्हा मी बघून ठेवली होती." नवरा म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोललास?" "तुम्ही विचारलं नाहीत. स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलात."

शनिवारी दोन आणायच्या ठरल्यात. नवऱ्याची एक अट, ड्रिल तो मारणार. मुलाची एक अट, लेव्हल तो बघणार.

वाकडी_वाट (गुरुवार, सकाळी ८:०५)

आधीची वाकडी बसली होती ना? मग लेव्हल बापालाच बघू द्या.

टिकोजीराव (गुरुवार, सकाळी ८:३०)

फोटो टाका.

आजोबा_८१ (गुरुवार, पहाटेपासून जागा, सकाळी ९:१०)

त्या कडीला दुकानात काय म्हणून मागायचे ते मुलाला विचारून लिहावे. नाणे कुठलेही चालते का, की ठरावीक. नातसुनेला दाखवायचे आहे.

तिसरी_घंटा (गुरुवार, सकाळी ९:२६)

विचारलं. म्हणतो, "बाथरूमचं, बाहेरून खाच असलेलं" एवढं सांगायचं, दुकानदाराला कळतं. दोन रुपयाचं नाणं बसतं. म्हणतोय, आजोबांना म्हणावं नाणं नातसुनेकडे ठेवा, दाराच्या वर नको, पणतू गिळेल.